कर्जत लोकलची बाजू

दरवर्षी पावसाळ्यात कुठल्यातरी धबधब्यावर कुणीतरी वाहून गेलं की दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांचा फोन येतो. "वाचलंस? मी म्हणत नव्हतो?" हे गृहस्थ जुने डोंगरवाले. पायात हंटर शूज आणि पाठीवर कॅनव्हासची पिशवी घेऊन त्यांनी सह्याद्री पालथा घातला, तेव्हा मी शाळेत होते. त्यांच्याबद्दल मला आदर आहे आणि त्यांचं म्हणणं मी दहा-बारा वर्षं मुकाट ऐकूनही घेतलं. गेल्या गणेशोत्सवात मात्र त्यांनी तेच म्हणणं आमच्या सोसायटीच्या मंडपात व्याख्यान म्हणून मांडलं. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत निम्मे लोक असे होते की त्यांनी जून महिन्यात लोणावळ्याला जाऊन मक्याचं कणीस खाल्लं होतं. तेव्हा आता लेखी उत्तर देणं आलं.

त्यांचा मुद्दा थोडक्यात असा. शहरातल्या माणसांचं शनिवार-रविवारी डोंगरात जाणं म्हणजे निसर्गावरची धाड आहे, तेव्हा सरकारने पावसाळ्यात सगळे धबधबे आणि गड सरसकट बंद ठेवावेत. एका दिवसात निसर्ग काही कळत नाही. कळून घ्यायचाच असेल तर दहा दिवस काढून हिमालयात जावं. ज्यांना ते जमत नाही त्यांनी घरी बसावं, तेवढीच निसर्गावर मेहेरबानी.

मला राग आला तो शेवटच्या वाक्याचा. म्हणून उत्तर तिथूनच.

घरी बसलेला माणूस निसर्गाला त्रास देत नाही, हे कुणी सांगितलं? मुंबईतल्या माणसाने सकाळी नळ सोडला की भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी बादलीत पडतं. यातली मोठी धरणं शहापूर तालुक्यात किंवा त्याच्या आजूबाजूला आहेत. तानसाचं धरण तर १८९२ सालचं. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ त्या डोंगरांत पडलेला पाऊस नळांतून मुंबईला येतो आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यात टँकर फिरतात. ज्याने आयुष्यात कधी आसनगावच्या पुढे पाऊल टाकलं नाही, तो मुंबईकरही रोज दात घासताना शहापूरच्या डोंगरात गेलेलाच असतो, फक्त त्याला ते माहीत नसतं. एकदा तानसाच्या अभयारण्यातून ती जाडजूड जलवाहिनी जाताना पाहिलेली बाई घरी येऊन बेसिनचा नळ वाहता ठेवते का, हे आमच्या स्नेह्यांनी मला सांगावं. मी ठेवत नाही.

आणि येणं-जाणं काही एका बाजूचं नाही. मी डोंबिवलीला राहते. जूनच्या सुरुवातीला आमच्या स्टेशनाबाहेर ठाकर बायका शेवळं घेऊन बसतात, सोबत घशाची खाज मारायला काकडं. मग टाकळा, कुर्डू, फोडशी. या बाया आमच्या आधी उठून पहाटेच्या लोकलने कर्जत-कसाऱ्याकडून आलेल्या असतात. त्यांचा माल शहरात चालतो, त्यांच्या नद्यांचं पाणी शहरात चालतं, त्यांची मुलं बांधकामावर चालतात. मात्र शहरातली बाई सहाच्या गाडीने उलट दिशेला निघाली की ती 'धाड' होते. हा न्याय मला कळत नाही.

हिमालयाबद्दल फार लिहीत नाही. दहा दिवसांची रजा कुणाला मिळते, याची त्यांनी एकदा चौकशी करावी. आमचा पाच जणींचा गट आहे. एक पोळीभाजी केंद्र चालवते, एक रुग्णालयात परिचारिका, दोघी शाळेत, आणि मी. पोळीभाजीवालीने दहा दिवस केंद्र बंद ठेवलं तर अकराव्या दिवशी तिची गिऱ्हाइकं समोरच्या गल्लीत जेवताना सापडतील. तिच्या हातात आठवड्याचा एक दिवस असतो, तोही संध्याकाळच्या कुकरच्या शिट्टीपर्यंतचा. तिला 'तुझा एक दिवस निसर्गाच्या लायकीचा नाही' असं सांगणारा माणूस निसर्गाची बाजू घेत नसतो, स्वतःच्या निवृत्तिवेतनाची घेत असतो. जरा कडक झालं, पण राहू दे.

आता 'एका दिवसात काय कळतं' याविषयी. एका दिवसात काही कळत नाही, हे मान्य. पण एक दिवस एकदाच घ्यायचा असतो, असं कुणी ठरवलं? आम्ही भिवपुरी रोडला उतरून स्टेशन ते डोंगराच्या पायथ्यापर्यंतची एकच वाट गेली दहा वर्षं जमेल त्या महिन्यात चालतो. जुलैत त्याच वाटेवर भातलावणी चालू असते आणि बांधावरून जाताना आमचे बूट हातात असतात. श्रावण सरला की तेरडा, मग सोनकी. दिवाळीच्या आसपास कापणी. माघ-फाल्गुनात पांगारा आणि पळस, चैत्र-वैशाखात करवंदं. एका वर्षी वाटेच्या वरच्या अंगाला कारवी फुललेली पाहिली. ही सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. तेव्हा परिचारिका म्हणाली, "पुढच्या वेळी माझा मुलगा बारावीला असेल." मुलगा बारावीला गेला आणि कारवी फुलली. आम्ही दोन्ही वेळा तिथे होतो. हे दहा दिवसांच्या सहलीत कसं दिसणार? मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला १८८३ पासूनचा इतिहास आहे आणि तिची माणसं आजही सकाळी लोकांना जमवून बोरिवलीच्या जंगलात पायी फिरवतात. दुपारी सगळे घरी. ती माणसं निसर्गाला हलकं लेखतात, असं आमचे स्नेही म्हणणार आहेत का?

बोरिवलीचं नाव निघालं तर थोडं थांबू. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे. त्यात बिबट्या आहे, विहार आणि तुळशी हे तलाव आहेत, वारल्यांचे पाडे आहेत, आणि मध्यभागी कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी. पावसात त्या लेण्यांवरून फिरताना पाहण्यासारखी गोष्ट मूर्ती नव्हे, पाणी. भिक्षूंनी कातळात खोदलेली टाकी आणि त्यांच्याकडे पाणी वळवणाऱ्या अरुंद पन्हळी आजही भर पावसात आपलं काम करताना दिसतात. कोरीव लेखांत या टाक्यांना 'पोढी' म्हटलं आहे. एवढं सगळं लोकलच्या स्टेशनापासून रिक्षाच्या अंतरावर असताना आमच्या सोसायटीतली कुटुंबं 'नेचर'साठी शनिवारी रात्री अकराला गाडी काढून घाटात तीन तास उभी राहतात. (उद्यान सोमवारी बंद असतं. हे विसरून एकदा मी चार पाहुण्यांना घेऊन फाटकापर्यंत गेले होते. त्यांनी अजून माफ केलेलं नाही.)

इथे गर्दीचा प्रश्न येतो. त्यात आमच्या स्नेह्यांचं म्हणणं निम्मं खरं आहे. गर्दी आहे, किळसवाणी आहे. दारूच्या बाटल्या, झऱ्यात फेकलेले चिप्सचे पुडे, खांद्यावरचे स्पीकर, सगळं मी पाहिलं आहे. त्यांनी न पाहिलेलंही पाहिलं आहे, कारण ते आता जातच नाहीत. पण ही गर्दी 'शहरातली माणसं' नावाच्या कुठल्या जमातीची उपजत खोड नव्हे. ती मोटारीने, शनिवारने आणि पाच-सात नावांनी तयार केलेली आहे.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला. साडेचौऱ्याण्णव किलोमीटर. दोन प्रचंड शहरांच्या मधोमध लोणावळा-खंडाळा आणि दोन्हीकडून तिथवर सरळ रस्ता. मग मोटारी दुसरीकडे कशाला जातील? भुशीचं धरण रेल्वेला पाणी मिळावं म्हणून बांधलं गेलं होतं. त्याच्या पायऱ्यांवर माणसांची भिंत उभी राहील असं बांधणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसेल. आता तर मोबाइलवर एका धबधब्याची चित्रफीत फिरली की पुढच्या शनिवारी तिथे वाहनतळ होतो. पण त्याच शनिवारी भिवपुरीच्या आमच्या वाटेवर आम्हाला दोन म्हशी आणि एक पोस्टमन भेटतो. डोंगर तोच, पाऊस तोच. तिथे मोटार उभी करायला जागा नाही, एवढाच काय तो फरक.

याचा पुरावा हवा असेल तर माथेरान बघावं. तिथे पूर्वीपासून मोटारींना बंदी आहे. दस्तुरी नाक्यावर गाडी सोडायची, पुढे पायी, घोड्यावर नाहीतर अमन लॉजहून छोट्या गाडीने. सुट्टीच्या दिवशी माथेरानच्या आतल्या लाल मातीच्या वाटांवर माणसं भरपूर असतात, पण तिथे अजून पक्ष्यांचे आवाज येतात. कोंडी कुठे होते? नेरळहून दस्तुरीकडे येणाऱ्या घाटात, म्हणजे मोटारीची हद्द जिथे संपते तिथवर. माणसांचा लोंढा आणि मोटारींचा लोंढा यांत फरक आहे, हे त्या एका नाक्यावर उभं राहिलं तर कुणालाही दिसेल.

माझाही एकदा असा लोंढा झाला होता, हे कबूल करते. सात-आठ वर्षांपूर्वी आम्ही पैसे भरून एका ग्रुपबरोबर गेलो. 'निसर्गाच्या कुशीत एक दिवस', नाश्ता-जेवणासह. तीन बसगाड्या. दुपारी अडीचला धबधब्याच्या पायथ्याशी पोहोचलो तर तिथे आणखी सात बसगाड्या. खडकावर रांग, फोटोला रांग, उतरायला रांग. आयोजकांची मुलं विशी-बाविशीतली, त्यांच्याकडे शिटी होती पण दोर नव्हता. अंधारात उतरलो, रात्री दीडला घरी. त्या दिवशी माझ्या पायाखाली काय काय चिरडलं गेलं असेल, कोण जाणे. पण त्यात 'एक दिवस' हा दोष नव्हता. परत किती वाजता फिरायचं, हे त्या बसमध्ये कुणाच्याही डोक्यात नव्हतं, हा दोष होता.

आता बंदी. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भाराने कोसळला आणि चौघांचा जीव गेला. दोन्ही दिवस रविवार. या बातम्या वाचताना माझाही घास अडकला होता. पण दरवेळी उपाय काय निघतो? जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश. पूर्वी तो १४४ कलमाखाली निघायचा, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ कलमाखाली निघतो. कलम बदललं, फाट्यावर भिजत उभा असलेला एकटा हवालदार बदलला नाही. नियम पाळणारी माणसं त्याच्याकडे बघून परत जातात. न पाळणारी पुढच्या गावातून आडवाटेने शिरतात आणि जिथे चहाची टपरी नाही, वाट माहीत असलेला कुणी नाही, हाकेला ओ देणारं कुणी नाही, अशा जागी पोहोचतात. आणि टपरीवाल्या बाईचा पावसाळ्याचा धंदा बुडतो. वर्षभरातली तिची चार पैशांची कमाई याच तीन महिन्यांत होते.

मनाई मुळीच नको असं मी म्हणत नाही. पूर आलेल्या ओढ्यात शिरू देऊ नये, मोडकळीला आलेला पूल तोडून टाकावा, पाटी लावून मोकळं होऊ नये. माझा आक्षेप 'सरसकट' या शब्दाला आहे. कास पठारावर काय केलं? आसपासच्या गावांची समिती आणि वनखातं मिळून तिथलं बघतात. फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा, आगाऊ नोंदणी, फाटकावर गावातलीच मुलं. तिथेही कुरबुरी आहेत, पण फाटकावरच्या मुलाला प्रत्येक फुलाचं नाव माहीत असतं आणि ते फूल तुडवलं गेलं तर पुढच्या वर्षी आपली रोजी जाईल, हेही माहीत असतं. हवालदाराला यातलं काय माहीत असणार? त्याची बदली दिवाळीनंतर ठरलेली असते.

एका बाबतीत मात्र मी स्नेह्यांच्या बाजूला जाऊन बसते. काजवे. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत भंडारदरा, घाटघर, पुरुषवाडीकडे काजवे पाहायला मोटारींच्या रांगा लागतात. काजव्याचं लुकलुकणं ही काही आपल्यासाठी केलेली रोषणाई नाही. नर उडत इशारा देतो, मादी गवतातून नाहीतर झुडपातून उत्तर देते. त्यांच्या आयुष्यात याला थोड्याच रात्री मिळतात. मोटारीच्या दिव्यांच्या झोतात हा संवाद तुटतो. तिथे रात्री मोटारींना बंदी घालाच, आणि टॉर्चलाही. मी स्वतः गेली काही वर्षं गेलेले नाही.

बाकीचं सगळं नियोजनाने सुटण्यासारखं आहे. पण आपल्याकडे सहलीचं नियोजन म्हणजे हॉटेल, गाडी आणि 'तिथे खायला काय मिळतं' एवढंच. आम्ही पाच जणी आधी ठिकाण ठरवत नाही, परतीची गाडी ठरवतो. बहुतेक रविवारी दुपारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असतो. तो शनिवारी बघून ठेवायचा. ती गाडी गाठायला स्टेशनावर किती वाजता हवं, त्याआधी गावात किती वाजता, त्याआधी डोंगरातून मागे किती वाजता फिरायचं, असं उलटं मोजत यायचं. मोजून झाल्यावर हातात जेवढे तास उरतात, तेवढ्याच तासांचं ठिकाण. माथा दहा मिनिटांवर दिसत असला तरी वेळ झाली की परत. पहिल्या वर्षी यावरून आमच्यात भांडणं झाली. आता नाही होत.

दुसरं, पाण्याचं. ओढ्यात पाय सोडून बसलात आणि तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर पठारावर ढग फुटलेला असू शकतो. पाणी तिथून येतं, तुमच्या डोक्यावरून नव्हे. नितळ पाणी गढूळ झालं, त्यात काटक्या आणि पालापाचोळा वाहायला लागला, आवाज भरडा झाला की चपला शोधत बसायचं नाही. काठाकडे, वरच्या अंगाला चढायचं. हे आम्हाला एका कातकरी आजोबांनी शिकवलं. जाहीर फलकावर असतं फक्त 'धोका'.

तिसरं, पोटाचं. एक दिवस आधी गावात फोन करून पाच माणसांचं जेवण सांगायचं. तांदळाची भाकरी, पिठलं, मिळाली तर एखादी रानभाजी. डबा नाही, पुडे नाहीत, म्हणून कचराही नाही. पैसे थेट घरातल्या बाईच्या हातात. 'निसर्ग पर्यटनातून स्थानिकांना रोजगार' असं सरकारी पत्रकात लिहितात, ते तीनशे-चारशे रुपयांच्या व्यवहारात आमच्यासमोर घडतं. आणि ओसरीवर जेवलेल्या माणसाला त्याच घराच्या विहिरीशेजारी बाटली फोडायची लाज वाटते. आमच्या स्नेह्यांना हवी असलेली शिस्त अशी येते. मंडपातल्या भाषणाने येत नाही.

लोकल जिथे पोहोचत नाही तिथे एसटी पोहोचते. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटात जाणाऱ्या गाड्या आहेत आणि २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मंच तिकीट आहे. मोटारीतून चार जणांनी केलेल्या सहलीच्या पेट्रोलच्या पैशांत आम्ही पाच जणी दोन-तीन सहली करतो. फक्त त्यांचा फोटो तितका चांगला येत नाही. एसटीच्या खिडकीची काच गेल्या पावसाळ्यापासून पुसलेली नसते.

स्नेह्यांचा शेवटचा मुद्दा राहिला. ते म्हणाले, "आमच्या वेळी डोंगरात जाणारा माणूस डोंगराचा असायचा, आताचा गिऱ्हाईक असतो." टाळ्या याच वाक्याला सगळ्यांत जास्त पडल्या. पण त्यांच्या वेळी तो माणूस डोंगराचा झाला कसा? शनिवारी अर्धा दिवस कचेरी करून रात्रीच्या गाडीने कर्जतला उतरायचा, फलाटावर झोपायचा, पहाटे चालायला लागायचा, रविवारी रात्री घरी, सोमवारी कामावर. हे मला त्यांनीच सांगितलं आहे, एकदा नव्हे, दहादा. म्हणजे तीही एका दिवसाचीच सहल होती. त्याच लोकलने, त्याच शहरातून, त्याच नोकरीच्या फटीतून काढलेली. त्या फटीतून ते डोंगरात शिरले, आणि आता आम्हाला सांगतात की फट बुजवा.

पुढच्या महिन्यात आम्ही आसनगावला उतरून माहुलीच्या पायथ्याला जाणार आहोत. गडावर चढायचं नाही, खालच्या देवळापर्यंतच. माझ्या गुडघ्याला तेवढं जमतं, त्यांच्याही जमेल. जेवण सहा माणसांचं सांगितलं आहे. त्यांनी यावं. फक्त अडीच वाजता मागे फिरायचं आहे, त्यात सवलत नाही.